एकादशीची भरती आणि भोकं असलेली होडी

सुट्टीत समुद्रावर जायचं ठरलं, की घरात पहिला प्रश्न निघतो राहायचं कुठं, आणि दुसरा जेवायचं कुठं. पण तुम्हाला कयाक वल्हवायची असेल आणि पाण्यात तोंड घालून मासे बघायचे असतील, तर या दोन्ही प्रश्नांच्या आधी भिंतीवरची दिनदर्शिका खाली काढा आणि तिथी बघा. उपवासासाठी नाही हो, भरतीसाठी!

आपण सहल ठरवूया मालवणची. तिथं किनाऱ्यापासून जवळच कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे. शिवाजी महाराजांनी 1664 साली त्याचं बांधकाम सुरू केलं. किल्ल्याच्या भोवती पाण्याखाली खडकच खडक आहेत, आणि त्या खडकांवर प्रवाळ वाढतात. म्हणून 1987 साली इथल्या सुमारे 29 चौरस किलोमीटर भागाला सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. जंगलाचं अभयारण्य तुम्ही पाहिलं असेल. हे पाण्यातलं अभयारण्य. इथं शिरताना जीपऐवजी होडी लागते आणि दुर्बिणीऐवजी मास्क.

आता तिथीचं गणित. कोकणातले मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या ते तोंडी करत आले आहेत. तिथीच्या आकड्याला पाऊणनं गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहा. पूर्ण भरती सहाच्या सुमाराला, सकाळी आणि संध्याकाळीही. पौर्णिमा ही पंधरावी तिथी. पंधरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा. अमावास्येलाही तेच उत्तर, कारण कृष्ण पक्षातली तीही पंधरावीच. भरतीनंतर साधारण सहा तास बारा मिनिटांनी पूर्ण ओहोटी येते.

पण पाऊणच का? पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते तेवढ्या वेळात चंद्रही आपल्या वाटेवर थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला पुन्हा आपल्या डोक्यावर यायला चोवीस तासांऐवजी सुमारे चोवीस तास पन्नास मिनिटं लागतात. त्यामुळे भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. तोंडी हिशेबाला पन्नासपेक्षा पंचेचाळीस सोपे, म्हणून पाऊण तास! घड्याळ नसलेल्या माणसांनी आकाशाकडे आणि पाण्याकडे बघून हे सूत्र बसवलं, याचं मला फार कौतुक वाटतं. अर्थात हा अंदाज आहे. प्रत्येक बंदराची वेळ थोडी पुढे-मागे असते, म्हणून नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्यायची किंवा गाइडला विचारायची.

मग आपल्या सहलीला कोणती तिथी चांगली? पौर्णिमा-अमावास्येला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळपास एका रेषेत असतात. सूर्य आणि चंद्र यांची ओढ एकत्र होते आणि उधाणाची भरती येते. तेव्हा पाणी खूप चढतं, खूप उतरतं, आणि एवढं पाणी ये-जा करायचं म्हणजे प्रवाहही जोरात. तळाचा गाळ ढवळला जातो आणि मास्कमधून नुसता धूसर पडदा दिसतो. अष्टमीच्या आसपास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एकमेकींना काटकोनात असते, तेव्हा भांगाची भरती येते, म्हणजे चढ-उतार कमी. वाटेल की मग अष्टमीच उत्तम! पण गुणाकार आठवा. अष्टमीला सकाळी सहालाच पूर्ण भरती होऊन जाते. नऊ-दहाला आपण पाण्यात उतरू तेव्हा पाणी ओसरत असतं, आणि ओसरताना ते खाड्यांमधलं गढूळ पाणी बाहेर समुद्रात आणतं.

आता एकादशी घ्या. अकरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाआठ! भरतीबरोबर बाहेरच्या समुद्राचं स्वच्छ पाणी खडकांपर्यंत आलेलं असतं. पूर्ण भरतीला पाणी चढायचं थांबलेलं असतं आणि उतरायला लागलेलं नसतं, त्यामुळे थोडा वेळ प्रवाहही मंदावतो. उधाण अजून तीन-चार दिवस लांब. शिवाय पाणी भरपूर असल्यामुळे आपले पाय आणि खालचे प्रवाळ यांच्यात अंतर राहतं. लक्ष्मीपूजनानंतर साधारण अकराव्या दिवशी कार्तिकी एकादशी येते. पाऊस गेलेला, नद्यांनी आणलेला गाळ बराचसा खाली बसलेला. मला विचाराल तर मी तोच सुमार धरेन. पावसाळ्यात मात्र हा विषयच काढायचा नाही. तेव्हा मच्छीमारांच्या होड्यासुद्धा किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात.

तिथी ठरली. आता वाऱ्याची वेळ.

खारे वारे आणि मतलई वारे तुम्ही भूगोलात शिकला आहात. परीक्षेनंतर ते विसरला असाल, तर मालवणात पुन्हा आठवतील. रात्रभरात जमीन समुद्रापेक्षा जास्त थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा. तो अंगाला गार आणि हळुवार लागतो, पण कयाकमध्ये बसलेल्याला गुपचूप किनाऱ्यापासून लांब नेतो. मागे वळून पाहिलं तर किनारा भलताच दूर! म्हणून चांगला गाइड सकाळी स्वतःची कयाक समुद्राच्या बाजूला ठेवतो आणि मुलांना आतल्या बाजूला. दुपारकडे जमीन तापते, वारा उलटा फिरतो आणि समुद्राकडून जमिनीकडे येऊ लागतो. तो खारा वारा, आणि त्याला जोर जास्त. आता तीच कयाक खडकांच्या दिशेनं ढकलली जाते. या दोन वाऱ्यांच्या मधे सकाळचा जो शांत वेळ असतो, तो आपला. भरती सव्वाआठला आणि वारा फिरण्याआधी परत. म्हणजे साडेसहाला किनाऱ्यावर, सातला कयाकमध्ये, साडेआठला मास्क लावून पाण्यात आणि साडेदहाच्या आत सगळे बाहेर.

आणखी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे लांबून येणाऱ्या लाटा. कधी कधी आकाश निरभ्र असतं, वारा पडलेला असतो, तरीही किनाऱ्यावर दणदणीत लाटा फुटत असतात. या लाटा इथल्या नसतातच! अंटार्क्टिकाजवळच्या दक्षिणेकडच्या महासागरात वादळ होतं, आणि त्यानं उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून काही दिवसांनी आपल्या देशाच्या किनाऱ्यावर पोचतात. इतक्या लांबून आलेली लाट खोल पाण्यात नुसती संथ उंचवट्यासारखी दिसते, पण खडकाजवळ उथळ पाण्यात आली की एकदम उभी राहते. हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, अशा लाटांचा अंदाज आधीच सांगतं. आदल्या संध्याकाळी मोठ्यांच्या फोनवर तो बघायचा. आणि सकाळी गाइड म्हणाला, ‘आज नको’, तर रुसायचं नाही, पैसे भरलेत असं म्हणायचं नाही. त्या दिवशी किल्ला बघायचा. चहूकडे खारं पाणी असलेल्या त्या बेटावर दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. पावसाचं गोडं पाणी जमिनीत मुरतं, ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून बेटांच्या पोटात ते वर तरंगत साठू शकतं. तेही आश्चर्य लहान नाही.

पण समजा गाइड म्हणाला, ‘चला!’ आपण मालवणच्याच चिवला किनाऱ्यावर आलो. वाळूत रंगीत कयाक ओळीनं ठेवल्या आहेत. एक उलटी करून बघा. अरे! हिच्या तळाला तर आरपार भोकं आहेत! एक नाही, चांगली चार-सहा. हिच्यात बसून समुद्रात जायचं?

अगदी खुशाल. ही कयाक पोकळ आहे, पण सगळीकडून बंद. आपण तिच्या आत बसत नाही, वर बसतो. भोकं म्हणजे खरं तर वरून खालपर्यंत गेलेल्या नळ्या, आणि नळ्यांच्या भिंतीही बंद असल्यामुळे पोकळीत पाण्याचा थेंब शिरत नाही. बसायची जागा बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा थोडी उंच ठेवलेली असते. लाट अंगावर आली, कयाकमध्ये पाणी साचलं, की ते त्या नळ्यांतून आपोआप खाली निघून जातं. साध्या होडीत पाणी शिरलं तर ते उपसावं लागतं. इथं भोकंच उपसण्याचं काम करतात.

आणि ती तरंगते ती आर्किमिडीजच्या नियमानं. कयाक आणि तुम्ही मिळून 90 किलो भरत असाल, तर कयाक पाण्यात इतकीच बुडते, की तिनं बाजूला सारलेलं पाणीही 90 किलो भरावं. समुद्राचं एक लिटर पाणी मिठामुळे साधारण एक किलो पंचवीस ग्रॅम भरतं, म्हणून 88 लिटर पाणी सारलं तरी पुरतं. नदीत 90 लिटर सारावं लागलं असतं. समुद्र तुम्हाला दोन लिटरची सूट देतो!

कयाक मुळात आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांची. तिथं झाडं नाहीत. वाहत आलेली लाकडं आणि हाडं यांचा सांगाडा करून त्यावर सीलचं कातडं ताणून ते शिकारीची कयाक बनवत. त्यांची कयाक वरून झाकलेली असे, कारण बर्फाळ पाण्यात भिजणं म्हणजे जिवाशी खेळ. मालवणच्या कोमट पाण्यात भिजायला हरकत नाही, म्हणून आपली कयाक उघडी. तरीसुद्धा पाणी हवेपेक्षा पंचवीसएक पट वेगानं अंगातली उष्णता ओढून घेतं. अर्ध्या-पाऊण तासात ओठ निळे पडायला लागले, दात वाजायला लागले, तर शौर्य दाखवू नका. गाइडला सांगा आणि बाहेर या.

लहान मुलांनी दोघांच्या कयाकमध्ये मोठ्या माणसाबरोबर बसायचं. लाइफ जॅकेट घालायचं आणि त्याचे पट्टे आवळायचे, नाहीतर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर आणि मूल खाली अशी गत होते. आणि लक्षात ठेवा, खडक आणि लाट यांच्या मधे कधीही शिरायचं नाही. खडकांना चिकटलेल्या कालवांच्या कडा धारदार असतात. शांत वाटणारं पाणी तिथं एकाएकी हातभर वर येतं आणि तितकंच खाली जातं. खडक बघायचे ते चार-पाच कयाकभर अंतरावरून. तेवढ्यावरूनही भरतीची रेघ, त्याखालचं हिरवं शेवाळ, खडकावर पंख वाळवत बसलेला पाणकावळा, सगळं छान दिसतं. नशीब असेल तर लांबवर डॉल्फिनची पाठ वर येऊन जाते. त्यांच्या मागे लागायचं नाही. थांबून राहायचं.

आता गाइडची होडी आपल्याला किल्ल्याजवळ, परवानगी असलेल्या जागी घेऊन आली आहे. कयाक मागे राहिली. मास्क लावायचा.

मास्कशिवाय पाण्यात डोळे उघडले तर सगळं पुसट दिसतं. असं का? तुमच्या डोळ्याच्या पुढचं पारदर्शक पारपटल प्रकाश वळवण्याचं बरंचसं काम करतं. हवेतून पारपटलात शिरताना प्रकाश चांगला वळतो. पण पाणी आणि पारपटल प्रकाशाच्या दृष्टीनं जवळजवळ सारखेच, त्यामुळे पाण्यातून येणारा प्रकाश तिथं फारसा वळतच नाही आणि चित्र जागेवर उमटत नाही. मास्क काय करतो? डोळ्यापुढे थोडी हवा ठेवतो. बस, एवढंच! डोळ्याला हवा मिळाली की तो नेहमीसारखा काम करू लागतो. फक्त पाण्यातून काचेपलीकडच्या हवेत येताना प्रकाश वळतो, म्हणून मासे खऱ्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश मोठे आणि एक चतुर्थांश जवळ दिसतात. घरी येऊन कोणी ‘एवढा मोठ्ठा मासा पाहिला!’ म्हणालं, तर त्यातून तेवढं वजा करा.

मास्कची काच आतून धुरकट होते. त्यावर गाइड जो उपाय सांगतो तो ऐकून आई नाक मुरडेल, पण तो पक्का शास्त्रीय आहे. काचेवर आतून थुंकायचं, बोटानं चोळायचं आणि पाण्यात विसळायचं. धुकं म्हणजे काचेवर जमलेले बारीक थेंब. लाळेमुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, थेंब गोळा न होता पसरून पातळ थर होतो, आणि पातळ थरातून आरपार दिसतं.

तोंडात धरायची नळी, म्हणजे स्नॉर्कल, एवढी आखूड का असते, असं कधी वाटलं का? दोन मीटरची नळी केली असती, तर तळाशी बसून आरामात श्वास घेता आला असता की! पण तसं जमत नाही. एक मीटर खोलीवर पाणी तुमच्या छातीच्या फूटभर लांब, फूटभर रुंद भागावर नव्वदेक किलोच्या वजनाइतकं दाबतं. नळीतली हवा मात्र वरच्या, साध्या दाबाची. एवढं वजन उचलून छाती फुगवण्याची ताकद बरगड्यांच्या स्नायूंत नसते. शिवाय लांब नळीत तुम्ही सोडलेलीच हवा अडकून पुन्हा आत येते. म्हणून स्नॉर्कल फूट-सव्वाफुटाची, आणि आपण पाण्याच्या पृष्ठभागावर पालथे. घरी पाइप जोडून लांब नळी करायचा प्रयोग चुकूनही करू नका, तो जिवावर बेतू शकतो.

चला, तोंड पाण्यात घाला. सावकाश श्वास. आधी काही बघू नका, ऐका.

तड्‌तड्‌ तड्‌तड्‌... फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज सगळीकडून येतोय ना? खडकाळ, उबदार समुद्रात हा आवाज करते बोटापेक्षाही छोटी एक कोळंबी. तिची एक नांगी दुसरीपेक्षा कितीतरी मोठी असते. ती नांगी ती इतक्या वेगानं मिटते, की पाण्याची पिचकारी सुटते आणि त्या झोतामागे क्षणभर एक बुडबुडा तयार होतो. लगेच तो फुटतो. 2000 साली शास्त्रज्ञांनी अतिवेगवान कॅमेरे लावून दाखवून दिलं, की आवाज नांगी मिटल्याचा नसून बुडबुडा फुटल्याचा असतो. नंतर कळलं, की फुटताना त्या बुडबुड्यातलं तापमान क्षणाच्या अगदी बारीक तुकड्यापुरतं साडेचार हजार अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि डोळ्याला न दिसणारा प्रकाशही चमकतो! या धक्क्यानं ती आपलं भक्ष्य गार करते. तुम्ही शोधायला जाल तर ती सापडायची नाही, आणि आवाज कुठून येतोय तेही कळायचं नाही. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगानं, सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो. तो दोन्ही कानांत जवळपास एकाच वेळी पोचतो, आणि दिशा ठरवणारा आपला मेंदू गोंधळतो.

आता खाली बघा. अंगावर उभे काळे पट्टे असलेले मासे थव्यानं येतील. चोचीसारख्या दातांनी खडक कुरतडणारा पोपटमासा दिसला, तर कान देऊन ऐका, कुरतडण्याचा आवाज येतो. तो शेवाळासाठी प्रवाळाचा दगड खातो, दळतो आणि मागून बारीक वाळू सोडतो. काही बेटांवरची पांढरीशुभ्र वाळू बरीचशी अशी पोपटमाशांच्या पोटातून आलेली आहे!

आणि तो दगडासारखा दिसणारा, भोकाभोकांचा गोळा? तो प्रवाळ. दगड वाटतो, पण त्यावर हजारो छोटे प्राणी राहतात. ते जेलीफिशचे नातेवाईक आहेत. प्रत्येकाला तोंड आणि त्याभोवती बारीक हात असतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करून प्राण्याला देतं, आणि प्रवाळाचा रंगही बहुतेक त्याच्यामुळेच. पाणी फार तापलं, की हे शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. मालवणच्या प्रवाळांतही असं पांढरं पडणं नोंदलं गेलं आहे. लवकर पाणी गार झालं तर तो सावरतो, नाहीतर उपाशी मरतो. असे गोळे होणारे प्रवाळ वर्षाला साधारण एखादा सेंटीमीटर वाढतात. म्हणजे वीतभर उंचीचा गोळा तुमच्या कॉलेजात जाणाऱ्या ताईएवढा म्हातारा! त्यावर एक पाय ठेवला, पायातल्या फिनचा एक फटका बसला, की वीस वर्षांचं काम एका सेकंदात मोडतं. ते मोडलेलं बघून मला फार वाईट वाटतं, कारण मोडणाऱ्याला बहुतेक वेळा माहीतच नसतं की आपण प्राण्यावर उभे आहोत.

म्हणून निघण्याआधी घरच्या सगळ्यांना पाण्यावर पालथं तरंगायचा सराव करू द्या, अगदी बाबांनासुद्धा. लाइफ जॅकेट आहेच, पण घाबरलेला माणूस आधी पाय खाली टाकतो. उन्हासाठी क्रीम चोपडण्यापेक्षा लांब बाह्यांचे कपडे घाला, म्हणजे पाण्यात क्रीम उतरणार नाही. न्याहारी हलकी, एखादं घावण पुरे. भरपेट जेवण परत आल्यावर सोलकढीबरोबर. गाइडच्या खुणा आधी समजून घ्या, कारण पाण्यात अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘छान’ होत नाही, ‘वर चला’ होतो. आणि गाइड निवडताना मोठ्यांना एकच प्रश्न विचारायला लावा: नांगर कुठं टाकता? प्रवाळावर नांगर न टाकता वाळूत टाकणारा किंवा बांधलेल्या बोयाला होडी लावणारा गाइड भेटला, तर त्याच्याबरोबरच जा. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

आपल्या देशाच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघही त्याच अनुसूचीत. म्हणजे प्रवाळाचा तुकडा तोडून घरी आणणं हा तितकाच गंभीर गुन्हा आहे. किल्ल्याजवळ कोणी प्रवाळावर उभं राहून फोटो काढताना दिसलं, तर संकोच करू नका. गाइडला हाक मारा आणि त्या माणसाला सांगायला लावा, की खाली दगड नाही, जिवंत प्राणी आहे.